दोन टोंकांचा करार

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. ब्रह्मपुरीस आमच्या घरीं रात्रींचीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली होती. बाहेर पावसाची झड लागली होती. इतक्यांत गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा मुलगा माडिया समाजांतील. आमच्याजवळ चार वर्षें मराठी व संस्कृत शिकला आणि आतां आपल्याच भागांतील एका शाळेंत शिक्षक आहे. त्याच्या शाळेंतून दहावी उत्तीर्ण झालेल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरून भरावयाचा होता, आणि मुदत संपावयास दोनच दिवस उरले होते. "गुरुजी," तो म्हणाला, "पान उघडतें, तिचें नांव लिहिलें कीं तेंहि पोहोंचतें, पण दाखल्याचें चित्र पाठविलें कीं चाक नुसतें फिरत राहतें. तीन दिवस झाले. ही शिष्यवृत्ति गेली तर तिचे वडील तिला पुढें शिकवावयाचे नाहींत."

आमच्या वहिनी जवळच वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पावसानें तार तुटली असेल." त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, नागपुरास अभियांत्रिकीचें शिक्षण घेऊन नोकरीस लागलेला, तो रजेवर घरीं आला होता. तो म्हणाला, "आई, तार तुटली असती तर पानच उघडलें नसतें. लहान वस्तु जाते आणि मोठी जात नाहीं, म्हणजे दोष तारेचा नव्हे. दोन टोंकांच्या करारांत कोठें तरी घोटाळा आहे."

तार शाबूत असून निरोप पोहोंचूं नये, व त्याचें कारण करारांत असावें, हें ऐकून आम्हांस मोठें नवल वाटलें. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पुढील सारें आयुष्य संस्कृताच्या अध्ययन-अध्यापनांत गेलें. यंत्रांत आमची गति नाहीं. परंतु करार, नियम, सूत्र हे शब्द कानीं पडतांच आमचें कुतूहल जागें झालें, आणि त्या रात्रीं व पुढें कित्येक दिवस आम्हीं पुतण्याकडून हा विषय एखाद्या ग्रंथाप्रमाणें समजून घेतला. त्यांतून जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. हल्लीं आपल्या प्रत्येक घरांत हा करार रात्रंदिवस चालूं असतो, आणि त्याची ओळख मात्र घरांतील फारच थोड्यांस असते.

प्रथम 'डेटा लिंक' म्हणजे काय तें पाहूं. पूर्वीं जंगलभागांत टपाल हरकाऱ्यांच्या पायांवर चालत असे. पत्र मुंबईहून निघून एखाद्या दूरच्या खेड्यास जावयाचें असलें तरी कोणताहि एक हरकारा तें सारें अंतर तोडीत नसे. तो आपल्या चौकीपासून पुढील चौकीपर्यंत जाई, थैली मोजून दुसऱ्याच्या हवालीं करी व परत फिरे. पत्र शेवटीं कोठें जावयाचें, त्यांत काय लिहिलें आहे, हें जाणण्याची त्यास गरज नसे. थैली फाटलेली नाहीं, शिक्का मोडलेला नाहीं, एवढेंच तो पाही. संगणकाच्या जगांत ह्या एका टप्प्यास 'डेटा लिंक' म्हणतात, आणि टप्प्याच्या दोन टोंकांनीं आपसांत पाळावयाच्या नियमांस 'प्रोटोकॉल' म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें, म्हणजे आयएसओनें, १९८४ सालीं संगणकांच्या संभाषणाचे सात थर कल्पून जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत तार व वीज हा पहिला थर असून हा टप्प्याचा व्यवहार दुसरा थर होय. संपूर्ण मार्ग ठरविण्याचें काम तिसऱ्या थराकडे आहे.

दोन टोंकांचा नियम एकच असण्याची आवश्यकता आम्हां चांदेकरांस निराळी सांगावयास नको. नागभीडचें स्टेशन पुष्कळांच्या स्मरणांत असेल. गोंदियाहून नागभीडवरून चांदाफोर्टास जाणारा मार्ग पूर्वीं अरुंद होता. तो गेल्या शतकाच्या अखेरीस रुंद, म्हणजे १,६७६ मिलिमीटरांचा, झाला. नागपुराहून येणारा मार्ग मात्र २०१९ सालीं रुंदीकरणासाठीं बंद होईपर्यंत ७६२ मिलिमीटरांचाच राहिला. दोन्ही मार्ग आपापल्या ठिकाणीं चांगले. पण एकाची गाडी दुसऱ्यावर चढत नसे. उतारूंनीं ट्रंका उचलून फलाट बदलावा, याला उपाय नव्हता. रुळांतील अंतर जसें आगगाडीस, तसा प्रोटोकॉल निरोपास.

आतां ह्या नियमांचें स्वरूप पाहूं. तारेवरून जें जातें तें अक्षर नव्हे, चित्र नव्हे. शून्य व एक ह्या दोन खुणांची अखंड माळ जाते. एका खुणेस 'बिट' म्हणतात. ह्या माळेंत एक निरोप कोठें सुरू झाला व कोठें संपला, हें पलीकडच्यास कसें कळावें? आपले ग्रंथकार आरंभीं 'अथ' व शेवटीं 'इति' लिहीत. येथेंहि तसेंच केलें आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपल्या यंत्रांसाठीं 'एसडीएलसी' नांवाची एक पद्धति काढली. तिच्याच पायावर आयएसओनें 'हाय-लेव्हल डेटा लिंक कंट्रोल', संक्षेपानें 'एचडीएलसी', हें सर्वांसाठीं मानक ठरविलें. त्यांत निरोपाच्या आरंभीं व अंतीं ०१११११०-० असें नव्हे, तर बरोबर ०११११११० ही आठ बिटांची खूण ठेवतात. मध्यें सहा एक व दोहों बाजूंस एकेक शून्य. तिला 'फ्लॅग' म्हणतात. दोन फ्लॅगांमधील मजकुरास 'फ्रेम', म्हणजे चौकट, म्हणतात.

येथें सूक्ष्म वाचकाच्या मनांत शंका येईल. निरोपाच्या पोटांतच जर योगायोगानें सहा एक लागोपाठ आले, तर पलीकडचा भोळेपणानें 'इति' समजून कान बंद करील, त्याचें काय? संस्कृत शिकविणाऱ्यास ही अडचण परिचयाची आहे. कोणाचें बोलणें उद्धृत करतांना त्याच्या बोलण्यांतच 'इति' आला, तर तो त्याचा कीं आपला, असा घोटाळा विद्यार्थ्यांचा नेहमी होतो. मानककर्त्यांनीं त्यावर जी युक्ति योजिली आहे ती पाहून आम्हीं मनांतल्या मनांत त्यांस नमस्कार केला. पाठविणाऱ्यानें निरोप पाठवितांना पांच एक लागोपाठ झाले कीं पुढें कांहींहि असो, एक शून्य आपल्या पदरचें घालावें. घेणाऱ्यानें पांच एक मोजल्यावर शून्य आलें तर तें निमूटपणें गाळून टाकावें. म्हणजे सहा एकांची रांग निरोपाच्या पोटांत कधींच संभवत नाहीं; ती दिसली कीं तो खरा फ्लॅगच. निरोपांत काय असावें यावर बंधन घातलें नाहीं, आणि खुणेचा मानहि राखला!

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. वाटेंत वीज चमकली, सांधा ओला झाला, आणि एका शून्याचा एक झाला तर? आमच्या लहानपणीं घरीं एक घनपाठी येत असत. पहिल्या-दुसऱ्या पदाची जोडी, मग दुसऱ्या-तिसऱ्याची, हा क्रमपाठ. तीच जोडी सुलट, उलट व पुन्हा सुलट, ही जटा. आणि तीन पदांची त्याहूनहि गुंतागुंतीची आवर्तनें, तो घन. पोरवयांत आम्हांस वाटे कीं ही केवळ पाठांतराची हौस आहे. पुढें कळलें कीं एक पद निसटलें किंवा स्वर चुकला तर उलटसुलट आवर्तनांत तें तत्काळ उघडें पडावें, ही त्यांतील मख्खी आहे. मात्र ह्या रीतीनें मजकूर कितीतरी पटींनीं वाढतो. यंत्रास तेवढी उसंत नाहीं. म्हणून त्यानें दुसरा मार्ग धरला. तो आपल्या गणिताच्या मास्तरांचा, म्हणजे ताळा पाहण्याचा.

गुणाकार केल्यावर नऊ टाकून ताळा पाहण्याची रीत जुन्या पिढीस ठाऊक आहे. तींत एक उणीव होती: २७ च्या जागीं ७२ लिहिले तरी ताळा जमतो. यंत्राचा ताळा याहून कडक आहे. सबंध चौकटीस एक प्रचंड संख्या मानून तिला एका ठराविक भाजकानें विशिष्ट रीतीनें भागावयाचें, आणि उरलेली १६ बिटांची बाकी चौकटीच्या शेवटीं जोडावयाची. पलीकडच्यानें तसाच भागाकार करून बाकी ताडून पाहावी. ह्यास 'सीआरसी' म्हणतात. वेस्ली पीटरसन ह्या गणितज्ञानें १९६१ सालीं ही रीत प्रसिद्ध केली. एकच बिट बिघडला तर ती पकडते. बिघडलेल्या बिटांची संख्या विषम असली तर पकडते. आणि विजेच्या एका फटक्यानें लागोपाठची १६ बिटांपर्यंतची जागा नासली, तरीहि पकडते. ताळा चुकला कीं चौकट टाकून द्यावी, दुरुस्त करण्याच्या फंदांत पडूं नये, असा दंडक आहे. चुकीचें पोहोंचविण्यापेक्षां न पोहोंचविलेलें बरें, हें तत्त्व आम्हां शिक्षकांनींहि ध्यानांत धरण्याजोगें आहे.

टाकून दिलेली चौकट पुन्हा मागवावयाची कशी? यासाठीं एचडीएलसीमध्यें चौकटींस क्रमांक देण्याची सोय आहे. क्रमांकास तीन बिटें दिलीं तर ० ते ७ असे आठ क्रमांक होतात, व पावती येण्यापूर्वीं जास्तींत जास्त ७ चौकटी रवाना करतां येतात. जवळच्या दोन गांवांस हें पुरेसें आहे. पण आमच्या जंगलांत सर्वत्र केबल पोहोंचत नाहीं. नक्षलग्रस्त भागांत मोबाइलचे मनोरे उभारण्याची केंद्र सरकारची जी योजना २०१४ सालीं मंजूर झाली, तींत दुर्गम मनोऱ्यांस उपग्रहाच्या द्वारें जोडावें लागलें. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. निरोप वर जाऊन खालीं यावयास पाव सेकंद, आणि पावती तशीच यावयास आणखी पाव. आतां हिशेब करा. एका चौकटींत १,५०० अक्षरें धरलीं तर ७ चौकटी म्हणजे १०,५०० अक्षरें, आणि मग अर्धा सेकंद हात जोडून बसणें! वाट कितीहि रुंद असो, सेकंदास २१,००० अक्षरांपलीकडे मजल जाणार नाहीं. म्हणून मानकांत क्रमांकास सात बिटें देण्याचाहि विकल्प ठेवला आहे. मग १२७ चौकटी एकदम निघतात, व तीच मजल ३,८१,००० अक्षरांवर जाते. तार तीच, उपग्रह तोच. केवळ क्रमांकाच्या बिटांत चारांची भर. नियमांतील एका लहान आंकड्याचा परिणाम केवढा असतो, याचें हें उदाहरण वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें तें कामास येईल.

आतां घरगुती इंटरनेटकडे वळूं. दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेटचा मजकूर न्यावयाचा, तर आरंभीं जी साधी युक्ति लोक वापरीत तिचें नांव 'स्लिप'. तिचें वर्णन १९८८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि मौज ही कीं त्याच्या शीर्षकांतच तें मानक नव्हे असें प्रांजळपणें लिहून ठेवलें आहे. तींत 'इति'ची खूण होती; पण ताळा नव्हता, आंत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे हें सांगण्याची सोय नव्हती, आणि दोन्ही टोंकांनीं आधीं एकमेकांस विचारण्याची रीतहि नव्हती. ह्या उणिवा भरून काढण्यासाठीं १९८९ पासून 'पॉइंट-टु-पॉइंट प्रोटोकॉल', म्हणजे 'पीपीपी', रचला जाऊं लागला. वापरतांना दिसलेले दोष काढीत काढीत तो पुन्हा पुन्हा लिहिला गेला, आणि १९९४ च्या जुलैंत विल्यम सिम्प्सन ह्यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा जो पाठ निघाला तोच आजवर मूळ मानक म्हणून चालत आला आहे. चौकट, फ्लॅग व ताळा त्यानें एचडीएलसीपासूनच घेतला. पुढच्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. त्या काळीं मोडेमची किरकिर ज्यांनीं ऐकली असेल, त्यांच्यापैकीं ज्यांजवळ पुऱ्या सोयींचें खातें होतें, त्यांच्या तारेवरून बहुधा हाच पीपीपी बोलत असे.

पीपीपीचा सर्वांत रम्य भाग म्हणजे त्याचा आरंभींचा संवाद. तो समजावयास अहेरीच्या किंवा सिरोंच्याच्या आठवडी बाजारांत जावें. तेथें तेलुगु, मराठी, माडिया, गोंडी अशा भाषा एकाच झाडाखालीं नांदतात. दोन अनोळखी माणसें सौद्यास बसलीं कीं प्रथम भाषा ठरते. एक म्हणतो, "तेलुगूंत बोलूं का?" दुसऱ्यास तेलुगु चालत असेल तर तो मान डोलावतो. चालत नसेल तर म्हणतो, "तेलुगु नको, मराठींत बोल." आणि पहिल्यानें एखादी अशी अट काढली कीं जी दुसऱ्यानें जन्मांत ऐकलेली नाहीं, तर तो सरळ सांगतो, "हें कांहीं मला समजत नाहीं, तें सोडून दे." पीपीपीची दोन टोंकें नेमकें हेंच करतात. प्रथम विनंती, मग तिला तीनपैकीं एक उत्तर: मान्य, हें नको, पण अमुक चालेल, किंवा हें मला ठाऊकच नाहीं. कांहींच ठरलें नाहीं तर काय धरावयाचें, तेंहि मानकांत लिहिलेलें आहे. शिवाय हा करार प्रत्येक दिशेस स्वतंत्र असतो. एकानें तेलुगूंत विचारावें आणि दुसऱ्यानें मराठींत उत्तर द्यावें, असेंहि चालतें. आमच्या सिरोंच्याकडे तसें रोज चालतेंच!

ह्या करारांत ठरविण्याची एक मुख्य बाब म्हणजे गठ्ठ्याचा आकार. एका चौकटींत मी जास्तींत जास्त किती अक्षरें घेऊं शकेन, हें प्रत्येक टोंक दुसऱ्यास सांगतें. कांहींच सांगितलें नाहीं तर १,५०० धरावींत, असा नियम आहे. येथेंच आमच्या विद्यार्थ्याच्या अडचणीचें मूळ होतें.

घरांतील व कचेरींतील संगणक एकमेकांस जोडण्यास जी पद्धति वापरतात तिला 'ईथरनेट' म्हणतात. ती १९७३ च्या सुमारास अमेरिकेंत निघाली व १९८३ सालीं आयईईई ह्या अभियंत्यांच्या संस्थेनें तिचें मानक ठरविलें. तिच्या चौकटींत १,५०० अक्षरें मावतात, आणि तिचा स्वतःचा ३२ बिटांचा ताळा असतो. पुढें घरोघर कायमचें इंटरनेट देण्याची वेळ आली, तेव्हां कोणतें घर कोणतें, त्याचें नांव व परवलीचा शब्द बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहण्याची पीपीपीची सोय कंपन्यांस सोडवेना. म्हणून १९९९ च्या फेब्रुवारींत ईथरनेटच्या पोटांत पीपीपी बसविण्याची रीत प्रसिद्ध झाली. तिला 'पीपीपीओई' म्हणतात. यांत पीपीपीनें आपला फ्लॅग व ताळा खालीं ठेवला, कारण ती कामें ईथरनेट करतेंच. पण बसण्यास जागा लागतेच. नव्या वेष्टनास ६ अक्षरें व मजकुराचा प्रकार सांगण्यास २, मिळून ८ अक्षरें खर्चीं पडलीं. १,५०० वजा ८, म्हणजे १,४९२ उरलीं. एवढाच काय तो फरक!

ही गोष्ट पुतण्यानें आम्हांस डब्याच्या उदाहरणानें सांगितली. "काका, सोळा लाडू मावतील असा डबा आहे. त्यांत खालीं एक ताटली ठेवली. आतां पंधराच मावतात. ज्याला ताटलीची खबर नाहीं तो सोळा भरतो, आणि झांकण लागत नाहीं." अशा वेळीं मधल्या यंत्रानें "गठ्ठा मोठा आहे, लहान करा" असा निरोप मागें द्यावा, असा नियम आहे. परंतु त्या शाळेच्या बाजूस मध्यें असलेल्या एका पेटीस, कोणीं तरी दक्षतेच्या अतिरेकानें, असे निरोप मागें जाऊं देऊं नयेत असें सांगून ठेवलें होतें. येणारे गठ्ठे पलीकडे आधींच लहान केले जात होते, म्हणून पान उघडे. मुलीचें नांव, गांव, जन्मतारीख हा मजकूर लहान, म्हणून तोहि जाई. दाखल्याचें चित्र मोठें. त्याचे भरगच्च १,५०० चे गठ्ठे त्या पेटीशीं येऊन मुकाट्यानें नाहींसे होत, आणि संगणक तेच ते पुन्हा पाठवीत बसे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्यानें फोनवरून विद्यार्थ्याकडून परीक्षा करविली. प्रथम लहान गठ्ठा पाठविला, पोहोंचला. मग एकेक वाढवीत गेले. १,४९२ गेला. १,४९३ गेला नाहीं. पुतण्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "सांपडला!" संगणकाच्या एका कोपऱ्यांत १,५०० हा आंकडा होता, तेथें १,४९२ लिहावयास त्यानें सांगितलें. विद्यार्थ्यानें तो लिहिला, पुन्हा वाचून दाखविला, आणि दाखल्याचें चित्र पाठविलें. आम्ही सारे फोनभोंवतीं श्वास रोखून उभे होतों. वहिनी हातांत पोळीचें लाटणें घेऊनच आल्या होत्या. थोड्या वेळानें पलीकडून आवाज आला, "गेलें, गुरुजी!" मागें मुलांचा गलका ऐकूं आला. ती मुलगी आज अकरावीस आहे.

आठ अक्षरांपायीं एका मुलीचें शिक्षण अडावें, ही गोष्ट आम्हांस कित्येक दिवस चैन पडूं देईना. आम्हीं पुतण्यास विचारलें, "ही आठ अक्षरांची गोष्ट तुला कोणी सांगितली?" तो म्हणाला, "कोणीं सांगावयास कशाला हवें? लिहिलेलीच आहे. कोणीहि वाचावी." त्यानें तो लेख आम्हांस दाखविला. इंटरनेटचीं हीं मानकें 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' ह्या नांवानें निघतात. म्हणजे 'अभिप्राय कळवावा' अशी विनंती. पहिला असा लेख १९६९ च्या एप्रिलांत स्टीव्ह क्रॉकर ह्या तरुण विद्यार्थ्यानें लिहिला. वयानें लहान असल्यामुळें हुकूम केल्यासारखें दिसूं नये म्हणून त्यानें हें नम्र नांव योजिलें, आणि तेंच रूढ झालें. पीपीपीच्या मुख्य लेखाचा क्रमांक १६६१, पीपीपीओईच्या लेखाचा २५१६. ते फुकट वाचावयास मिळतात. १९८६ पासून हें काम 'इंटरनेट इंजिनियरिंग टास्क फोर्स' ही मंडळी पाहते. तिच्या सभांत मतें मोजून निकाल लावीत नाहींत. सभेचा कल अजमावण्यासाठीं कधीं कधीं जमलेल्यांस हुंकार द्यावयास सांगतात! आणि जें कागदावर ठरलें तें प्रत्यक्ष यंत्रांत चालतें कीं नाहीं, यास सर्वांत अधिक महत्त्व देतात.

ह्या मानकांस कोणा राजाचा शिक्का नाहीं, व तीं मोडणाऱ्यास तुरुंग नाहीं. तरीहि तीं पृथ्वीभर पाळलीं जातात, कारण पाळल्यावांचून दुसऱ्याशीं बोलतांच येत नाहीं. आपल्याकडेहि शास्त्रांचा प्रसार पूर्वीं अशाच सूत्रांनीं झाला, हें खरें. परंतु तीं सूत्रें सर्वांस खुलीं नव्हतीं, हेंहि तितकेंच खरें, आणि आमच्यासारख्या घरांत जन्मलेल्यांनीं तें कबूल केलें पाहिजे. ज्याच्या कानीं सूत्र पडलें तो विद्वान, इतर सारे बाहेर. येथें उलट आहे. वाचावयास कोणासहि मज्जाव नाहीं. अडचण उरते ती भाषेची व शिकविणाऱ्याची.

सरकारनें २०११ सालीं ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याचें ठरविलें. २०१५ पासून त्या योजनेस 'भारतनेट' म्हणतात. केबल आवश्यकच आहे. पर्लकोटेस पूर येऊन भामरागडची वाट बंद होते, तेव्हां तेथील माणसास तारेचा आधार केवढा, हें तो भागच जाणे. परंतु केबल हा सातांतील पहिला थर झाला. करार दोन टोंकांचा असतो, आणि एका टोंकास तो जाणणारें कोणीच नसेल तर दुसऱ्या टोंकाच्या मेहेरबानीवर राहावें लागतें. त्या शाळेंत तीन दिवस जें चाक फिरत होतें तें केबलच्या अभावीं नव्हे. नियम वाचलेलें माणूस त्या बाजूस नव्हतें म्हणून. आमचा पुतण्या योगायोगानें रजेवर होता. नसता तर?

म्हणून सुशिक्षित घरांस आमची एक विनंती आहे. आपल्या घरांतील जीं मुलेंमुली हें शास्त्र शिकून पुण्या-मुंबईस व परदेशीं गेलीं आहेत, त्यांनीं रजेवर आल्यावर एखादा दिवस जवळच्या शाळेंत जाऊन हें सोप्या मराठींत सांगावें. चौकट काय, ताळा काय, १,५०० कां व १,४९२ कां, हें दहावीच्या मुलास समजण्यासारखें आहे. आम्हांस सदुसष्टाव्या वर्षीं समजलें, तर त्यास कां समजूं नये?

आमच्या विद्यार्थ्यानें हें काम आमच्या आधींच सुरू केलें. दिवाळींत तो भेटावयास आला, तेव्हां त्यानें शाळेच्या खोलीचें छायाचित्र दाखविलें. संगणकाच्या मागील भिंतीवर खडूनें मोठ्या अक्षरांत १४९२ लिहिलें होतें, आणि खालीं मराठींत व माडियांत त्याचें कारण. शेजारच्या गांवच्या ग्रामपंचायतींत अशीच अडचण आली, तेव्हां तिकडून बोलावणें आलें. तो स्वतः गेला नाहीं; त्यानें नववींतील दोन मुलें सायकलवरून पाठविलीं, आणि तीं तास-दीड तासांत काम करून परत आलीं.